खर्जाचा हात : बेस वाजविणाऱ्या बोटांचा इतिहास

धर्मग्रामाच्या महोत्सवाचें वर्ष उजाडलें म्हणजे मागील पिढ्यांच्या कार्याची आठवण काढण्याचा प्रघात आपल्यांत फार दिवसांचा आहे. देऊळ कोणीं बांधलें, घंटा कोठून आणविली, शाळेचा पाया कोणत्या धर्मगुरूंनीं घातला, ह्या गोष्टी अशा स्मरणिकांतून वारंवार लिहिल्या जातात, व तसें होणें सर्वथा योग्यच आहे. गायनवृंदाचा विषय निघाला तर गायनमास्तरांचें नांव निघतें, ऑर्गन वाजविणाराचें निघतें, क्वचित् व्हायोलिन वाजविणाराचेंही निघतें. परंतु त्याच वृंदाच्या एका कोपऱ्यांत उभा राहून जो सर्वांत खालचा स्वर धरून असतो, त्याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. त्याचा स्वर थांबला, तरच लोकांच्या ध्यानांत येतें कीं, आतांपर्यंत आपल्या गाण्याच्या पायाशीं कांहीं तरी होतें.

त्या कोपऱ्यांतील माणसाच्या हाताचा इतिहास सांगावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. हात दोन असले तरी आमचा विषय मुख्यतः तारा छेडणाऱ्या हाताचा आहे. बहुतेकांच्या बाबतींत तो उजवा असतो. डावा हात तार दाबून कोणता स्वर निघावा हें ठरवितो. परंतु तो स्वर केव्हां निघावा, केवढा निघावा, गोल निघावा कीं टोकदार, आणि विशेषतः केव्हां संपावा, हें बहुतांशीं उजव्या हाताच्या बोटांवर अवलंबून असतें. पाहणारांचे डोळे मात्र नेहमीं डाव्या हातावर खिळलेले असतात. पवित्र शास्त्रांत, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायांत, दावीद शौल राजापुढें वीणा वाजवी असें सांगतांना तो ती हातानें वाजवी, असा हाताचा मुद्दाम उल्लेख केलेला आहे. वाद्य कोणतेंही असो, अखेर वाजतो तो हात, ही गोष्ट त्या प्राचीन लेखकाच्याही ध्यानांतून सुटली नव्हती.

खर्ज आमच्या घरचाच

बेस हा शब्द परका असला तरी त्यामागील कल्पना महाराष्ट्रास परकी नाहीं. आपण तिला खर्ज म्हणतों. गवई गावयास बसला म्हणजे त्याच्या मागें तंबोरा असतो, आणि तंबोऱ्याचा सर्व डोलारा शेवटच्या जाड तारेवर उभा असतो. तंबोऱ्यास सामान्यतः चार तारा असतात : पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, आणि शेवटची पितळी तार खर्जाची. पहिली तार मध्यमेनें छेडावयाची व उरलेल्या तीन तर्जनीनें, असा शिरस्ता आहे. बोट तारेवर आडवें आपटावयाचें नाहीं. तें तारेच्या लांबीस धरून टेकवावयाचें आणि मांसल भागानें हळूच सोडावयाचें. नख लागतां कामा नये, घाई होतां कामा नये, आणि एका आघातापेक्षां दुसरा मोठाही होतां कामा नये. ज्या मिरजेच्या तंबोऱ्यांनीं सर्व हिंदुस्थानांत नांव मिळविलें, तेथील सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच.

तर्जनी व मध्यमा ह्या दोन बोटांची आठवण वाचकांनीं ठेवावी. कारण पुढें सातासमुद्रांपलीकडे निघालेल्या विजेच्या वाद्यावरही अखेर हींच दोन बोटें येऊन स्थिरावलीं.

आमच्या ईस्ट इंडियन बांधवांच्या घरींही खालच्या स्वराची आवड जुनीच आहे. लग्नाच्या मांडवांत जें घुमट वाजे, तें मातीच्या मडक्याचें वाद्य. त्याच्या कातड्याच्या तोंडावर एका हाताचीं बोटें पडत आणि दुसऱ्या हाताचा तळवा मागील लहान तोंड कमीअधिक झांकून नादाला वळण देई. येथेंही दोन हातांची वांटणी झालेली दिसते : एक हात नाद काढतो, दुसरा त्याला आवर घालतो. बेस वाजविणाराच्या सर्व विद्येचें सार ह्या दोन क्रियांत आहे; त्याला मात्र त्या बव्हंशीं एकाच हातानें कराव्या लागतात.

रबेकांव आणि एका बोटाचें बळ

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत पसरलेलीं आमचीं उपनगरें म्हणजे पूर्वींचें साष्टी बेट. इ. स. १५३४ सालीं तें पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेलें, १७३९ सालीं मराठ्यांनीं घेतलें, व १७७४ सालीं इंग्रजांच्या हातीं आलें. बोरिवलीजवळचें मंडपेश्वर किंवा मरोळच्या बाजूस असलेले संत योहानाच्या जुन्या देवळाचे अवशेष ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ह्या काळाची साक्ष निराळी द्यावयास नको. त्या देवळांतून लातिन उपासना गाइली जात असे, आणि तिच्याबरोबर पाश्चात्य स्वरलेखन व पाश्चात्य वाद्यें ह्या किनाऱ्यावर आलीं.

ह्या विद्येचा मोठा आधार गोमंतकांतील धर्मग्रामांच्या शाळा होत्या. तेथें मुलांस अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकवीत. गांवच्या मेस्त्राच्या छडीखालीं स्वर म्हणण्याची व व्हायोलिन धरण्याची संवय लहानपणींच लागे. त्याच मंडळींत कोणी तरी रबेकांव वाजवी. डबल बेस ह्या वाद्याचें हें गोव्यांतील नांव पोर्तुगीज भाषेंतून आलेलें आहे. हें वाद्य सुमारें पुरुषभर, किंबहुना त्याहूनही उंच. त्याच्या वाजत्या तारेची लांबी सुमारें १०५ सेंटिमीटर. उपवासकाळांतील मोतेतांच्या साथीस व्हायोलिनें, क्लॅरिनेट आणि खालीं रबेकांव, अशी योजना गोव्यांत रूढ होती.

देवळांत हें वाद्य बहुधा गजानें वाजे. परंतु नाचाच्या दालनांत व बँडमध्यें गज बाजूस पडला आणि बोट पुढें आलें. ह्या बोटाची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. त्या काळीं डबल बेसच्या तारा जनावरांच्या आंतड्यांच्या असत. जाड, मऊ, आणि दांडीपासून बऱ्याच उंच. आवाज वाढविणारें यंत्र नव्हतें. कर्ण्यांच्या व ढोलांच्या गलबल्यांतून आपला स्वर शेवटच्या बांकापर्यंत पोहोंचवावयाचा, तर नुसत्या बोटाच्या टोंकाचा कांहींच उपयोग होत नसे. म्हणून वादक अंगठा दांडीच्या कडेस टेकवी, तर्जनी तारेवर जवळजवळ उभी निजवी, आणि बोटाच्या कडेचा सगळा मांसल भाग लावून तार बाजूस ओढी. बळ बोटाचें दिसे, पण तें येई खांद्यापासून. अधिक जोर हवा असेल तेव्हां मध्यमा तर्जनीस चिकटवून दोन्ही बोटांचें एक बोट करीत. अमेरिकेंत न्यू ऑर्लिअन्स शहरांतील पॉप्स फॉस्टर (१८९२ ते १९६९) प्रभृति वादक तर तार इतकी ओढीत कीं ती सुटून दांडीवर सपकन् आपटे, आणि त्या आपटण्याच्या आवाजानेंच नाचणारांचीं पावलें जुळत. आज ज्यास कौशल्य म्हणून नांवाजतात, त्याचा जन्म असा ऐकूं न येण्याच्या अडचणींतून झालेला आहे.

मुंबईंतील काळ

गोव्याच्या लहान गांवांतून हे वादक मुंबईस आले, धोबी तलाव व माझगांव ह्या बाजूच्या कुडांतून राहिले, आणि मूकपटांच्या थिएटरांत, हॉटेलांत, सर्कशींत व लष्करी बँडांत पोट भरूं लागले. १९३१ च्या मार्च महिन्यांत मॅजेस्टिक सिनेमांत ‘आलम आरा’ हा बोलपट लागला आणि मूकपटापुढें बसून वाजविणारांचें काम हळूहळू संपलें. पण एक दार मिटलें तोंच दुसरीं उघडलीं. १९३५ सालीं आफ्रिकी वंशाचे अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलांत आले, आणि त्यांच्या मागोमाग टेडी वेदरफर्ड वगैरे मंडळी आली. खर्जाचा स्वर प्रत्येक ठोक्याबरोबर चालत कसा ठेवावा, हें येथील वादकांनीं अशा लोकांच्या शेजारीं उभें राहून उचललें. त्याच १९३५ सालीं मेहली मेहता ह्यांनीं बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. तेथें तेच गोमंतकीय वादक गजानें व बोटानें शिस्तीचें युरोपीय संगीत वाजवीत. अशा रीतीनें एकाच हातास दोन निरनिराळ्या वळणांची संवय झाली.

मेहलींचे चिरंजीव झुबिन हे माझगांवच्या संत मेरी शाळेंत व पुढें संत झेवियर कॉलेजांत शिकले. १९५४ सालीं अठराव्या वर्षीं ते व्हिएन्नास संगीत शिकावयास गेले; तेथें त्यांनीं हातीं घेतलेलें वाद्य डबल बेस हें होतें. ज्यांनीं पुढें जगांतील मोठमोठे वाद्यवृंद चालविले, त्यांनीं विद्यार्थिदशेंत वाद्यवृंदाकडे त्याच्या तळाशीं उभें राहून पाहिलें, ही गोष्ट आमच्या तरुणांनीं मनांत ठेवावी अशी आहे.

इकडे उपनगरांत चित्रपटांचे कारखाने उभे राहत होते. १९३४ सालीं मालाड येथें बॉम्बे टॉकीज निघाली, १९४३ सालीं गोरेगांवास फिल्मिस्तान. अंधेरीसही स्टुडिओ झाले. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें हॉटेलांतील बँडांची कमाई आटली, तेव्हां पुष्कळ वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. पुरुषभर उंचीचें वाद्य घेऊन स्टुडिओ गांठणें किती कष्टाचें असेल, हें मुंबईकर वाचकांनींच ताडावें. त्या काळीं गाणें एकदम अथपासून इतिपर्यंत मुद्रित होई. पन्नास वादकांपैकीं एकाचें बोट घसरलें तरी सर्वांस पुनः पहिल्यापासून वाजवावें लागे. वरच्या वाद्याची चूक एक वेळ झांकली जाईल, पण खर्ज चुकला तर सर्व इमारत हालते. म्हणून बेस वाजविणाराच्या बोटावर विशेष जबाबदारी असे.

चिक चॉकलेट ह्या नांवानें प्रसिद्ध असलेले अल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६ ते १९६७), सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, आंथनी गोन्साल्विस ह्या मंडळींचीं नांवें आज अभ्यासकांनीं उजेडांत आणलीं आहेत. त्यांपैकीं कोणी कर्णा वाजवीत, कोणी व्हायोलिन, कोणी स्वररचना लिहून देत. परंतु पडद्यावर नांव झळके तें संगीत दिग्दर्शकाचें. त्या काळच्या शेंकडों गीतांत खालीं चालणारा डबल बेस स्पष्ट ऐकूं येतो. तो वाजविणारीं बोटें कोणाचीं, हें मात्र त्या पटावर कोठेंही लिहिलेलें नाहीं.

अंगठा, एक बोट, दोन बोटें

१९५१ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत लिओ फेंडर ह्या कारागिरानें विजेची बेस गिटार बाजारांत आणली. तारा चारच, स्वरही डबल बेसचेच. पण वाद्य गळ्यांत अडकविण्याजोगें, दांडीवर पडदे बसविलेले, आणि तारेची लांबी सुमारें ८६ सेंटिमीटरच. आवाज मोठा करण्याचें काम ॲम्प्लिफायरनें उचललें. अर्थात् खांद्यापासून तार ओढण्याची गरज संपली. मग बोटांनीं करावयाचें तरी काय, हा प्रश्न नव्यानें उभा राहिला.

पहिलें उत्तर अंगठ्यानें दिलें. आरंभींच्या फेंडर वाद्यांवर बारीक तारेच्या खालच्या अंगास एक लहानशी पट्टी बसविलेली असे. बोटें त्या पट्टीस धरून अंगठ्यानें तार खालीं दाबावी, अशी कारागिराची कल्पना होती. लायोनेल हॅम्पटन ह्यांच्या बँडमध्यें १९५३ च्या सुमारास हें वाद्य वाजविणारे मंक माँटगोमेरी अंगठ्यानेंच वाजवीत. अंगठ्याचा स्वर गोल व शांत, पण चपळाई बेताची.

दुसरें उत्तर जुन्या डबल बेसवाल्यांनीं दिलें. डेट्रॉइट शहरचे जेम्स जेमरसन (१९३६ ते १९८३) मूळचे डबल बेसचे वादक. विजेचें वाद्य हातीं आल्यावरही त्यांनीं आपली एकटी तर्जनीच चालविली. त्या तर्जनीस सोबती आंकडा म्हणत. तारा जाड, गुळगुळीत व वर्षानुवर्षें न बदललेल्या. मोकळ्या तारांचा उपयोग सढळ. इतकें असून एका बोटानें त्यांनीं जी गति साधली, ती पाहून दोन बोटांनीं वाजविणारेही लाजत. मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांत हें बोट आहे. परंतु १९७१ पर्यंत वेष्टनांवर त्यांचेंही नांव क्वचितच येई. मुंबईची व डेट्रॉइटची ही रीत सारखीच म्हणावयाची!

तिसरें उत्तर नखीचें. बीटल्स मंडळींतील पॉल मॅकार्टनी बहुधा नखीनें वाजवीत, आणि साठ ते सत्तरच्या दरम्यान मुंबईच्या तरुणांनीं जे बीट ग्रुप काढले, त्यांस साहजिकच तोच कित्ता मिळाला. सिमला बीट ह्या नांवाच्या स्पर्धांतील निवडक गीतांच्या ध्वनिमुद्रिका १९७० व १९७१ ह्या सालच्या आहेत. त्या ऐकणारास त्या पिढीचा उत्साह कळून येईल.

चौथें उत्तर, आणि जें आज सर्वत्र मान्य झालें आहे तें, दोन बोटांचें : तर्जनी, मध्यमा, तर्जनी, मध्यमा, जशीं चालतांना पावलें पडतात तशीं. जॅको पास्टोरियस (१९५१ ते १९८७) ह्यांच्या १९७६ सालच्या ध्वनिमुद्रिकेनें ह्या रीतीची परमावधि जगास दाखविली. ते हात घोडीजवळ आणून वाजवीत, म्हणून प्रत्येक स्वर कोरल्यासारखा निघे. आमच्याकडे राहुल देव बर्मन ह्यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ, चरणजित सिंग ह्यांनीं बेस गिटार वाजविली, आणि हिंदी चित्रगीतांत खर्ज हा केवळ आधार न राहतां स्वतः बोलूं लागला.

एक पांचवी रीतही आहे. लॅरी ग्रॅहम हे आपल्या मातोश्रींबरोबर लहान दालनांत वाजवीत असतां ढोल वाजविणारा सोडून गेला. तेव्हां त्यांनीं अंगठ्यानें तार ठोकून मोठ्या ढोलाचें व तर्जनीनें तार उपटून लहान ढोलाचें काम भागविलें. उणीव भरून काढण्याकरितां एका मुलानें केलेली ही तजवीज पुढें सर्व जगानें उचलली. देवळांत मात्र ह्या रीतीस फारसें स्थान नाहीं, हें सांगावयास नको.

बोटांची शिस्त

आतां ह्या दोन बोटांच्या रीतीचा थोडा तपशील देतों. कारण ती बहुधा तोंडीं व डोळ्यांदेखत शिकविली जाते, मराठींत लिहिलेली फारशी आढळत नाहीं.

प्रथम अंगठ्यास विसावा द्यावा. तो पिकअपच्या कडेवर किंवा सर्वांत जाड तारेवर टेकवावा. मनगट फार वांकवूं नये. वांकडें मनगट कांहीं वर्षांनीं दुखूं लागतें. बोट तारेंतून पार नेऊन पुढच्या जाड तारेवर विसावूं द्यावें. बोट हवेंत उडालें तर स्वर पातळ येतो. शेजारच्या तारेवर टेकलें तर स्वर भरीव येतो आणि ती शेजारची तारही आपोआप मुकी राहते. जाड तारेवर वाजवितांना बोट अंगठ्यावरच येऊन विसावतें.

दुसरें, तर्जनी व मध्यमा ह्यांचा स्वर सारखा निघाला पाहिजे. मध्यमा लांब, तर्जनी बळकट. म्हणून नवशिक्याचा एक ठोका जड व एक हलका पडतो, आणि गाणें लंगडूं लागतें. मोकळ्या तारेवर संथ गतीनें, घड्याळाच्या ठोक्याबरोबर, रोज थोडा वेळ केवळ हीं दोन बोटें चालवावीं. एक बंधु डोळे मिटून ऐकत बसला आणि त्यास कोणतें बोट पडलें हें ओळखतां आलें नाहीं, म्हणजे ह्या पाठांत उत्तीर्ण झालों असें समजावें.

तिसरें, बारीक तारेवरून जाड तारेवर उतरतांना बोट बदलूं नये. जें बोट आधींच तेथें येऊन विसावलें आहे, त्यानेंच पुढची तार छेडावी. ह्यानें श्रम वांचतात. जाड तारेवरून बारीक तारेवर चढतांना मात्र बोटें आळीपाळीनेंच चालवावीं.

चौथें, हात कोठें ठेवावा ह्याचा विचार करावा. तार घोडीजवळ छेडली तर वरचे सूक्ष्म स्वर अधिक निघतात व आवाज टोकदार होतो. दांडीकडे सरकावें तसा मूळ स्वर भरतो व आवाज गोल होतो. शांत भक्तिगीतास दांडीकडचा हात शोभतो, जलद स्तुतिगीतास घोडीकडचा. यंत्राची कळ फिरविण्यापूर्वीं चार बोटें हात सरकवून पाहावा.

पांचवें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें, स्वर थांबविणें. विजेच्या वाद्याचा स्वर आपण होऊन लवकर मरत नाहीं, आणि एक तार छेडली असतां शेजारच्या मोकळ्या ताराही गुणगुणूं लागतात. म्हणून अनुभवी वादक अंगठा एके ठिकाणीं बांधून ठेवीत नाहीं. बोटें बारीक तारांकडे गेलीं कीं तो मागोमाग सरकतो व सुटलेल्या जाड तारा झांकतो. अनामिका व करंगळीही ह्या कामास लावतात.

देवळांत ह्या कलेची कसोटी लागते. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते, म्हणजे पुरुषांच्या अगदीं खालच्या आवाजाहूनही एक सप्तक खालचा तो स्वर. उंच छताच्या व दगडी भिंतींच्या इमारतींत असा स्वर घुमत राहतो. मिनिटास साठ ठोक्यांचें गीत चाललें असेल, तर प्रत्येक ठोक्यास एक सेकंद मिळतो. इमारतीचा घुमारा त्याहून लांब असला कीं पहिला स्वर मरण्यापूर्वींच दुसरा येतो, आणि दोहोंचा चिखल होऊन गाणाराचे शब्द त्यांत बुडतात. अशा वेळीं स्वर जरा आधींच थांबवावा आणि उरलेली जागा भिंतींस भरूं द्यावी. हें ज्याच्या बोटास कळलें, तो देवळांत वाजविण्यास योग्य झाला.

देवळांतील आगमन

ख्रिस्तसभेची शिकवण ह्या बाबतींत फार काळापासून एकसारखी आहे. परमगुरु दहावे पायस ह्यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं काढलेल्या आज्ञापत्रांत पियानो, ढोल व तत्सम गलबला करणारीं वाद्यें देवळांत वर्ज्य केलीं, आणि ऑर्गननें गाण्यास आधार द्यावा, त्यास दडपूं नये, असें सांगितलें. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घटनेनें ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र उपयोगास योग्य अशा इतर वाद्यांसही अधिकाऱ्यांच्या संमतीनें दार मोकळें केलें. मार्च १९६७ च्या सूचनापत्रानें पुनः बजावलें कीं, वाद्यांनीं आवाजास आधार द्यावा, शब्द ऐकूं येईनासे करूं नयेत. साधनें बदललीं, पण नियम तोच राहिला. आणि हा नियम पाळावयाचा कोणीं, तर प्रथम खर्जाच्या बोटांनीं.

१९६४ च्या नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत मुंबईस आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली व परमगुरु सहावे पॉल येथें आले, ही गोष्ट वडील मंडळींच्या स्मरणांत आहे. त्यानंतरच्या वर्षांत मिस्साविधि लोकभाषांतून होऊं लागला. मराठी गीतें आलीं, त्यांबरोबर गिटार आली, आणि गिटारीमागून बेस गिटारही आली. त्या काळच्या कित्येक तरुणांची दुहेरी शाळा होती : शनिवारीं लग्नाच्या मांडवांत बँड, रविवारीं देवळांत गायनवृंद. तींच बोटें, तेंच वाद्य. परंतु शनिवारीं जोर शिकावयाचा आणि रविवारीं संयम.

आज ह्या परंपरेपुढें एक नवी अडचण उभी आहे. कीबोर्डच्या पोटांत तयार खर्ज भरलेला असतो. एक कळ दाबली कीं तो आपोआप चालूं लागतो. तो चुकत नाहीं, दमत नाहीं, व त्यास चहाही द्यावा लागत नाहीं! लहान वृंदांस त्याची सोय होते, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. परंतु तें यंत्र ऐकत नाहीं. वृद्ध भगिनींचा श्वास कडव्याच्या शेवटीं अपुरा पडला, तर बेस वाजविणारा माणूस क्षणभर बोट रोखतो. यंत्र पुढें निघून जातें. लोकांनीं धुवपद अधिक मोठ्यानें उचललें, तर माणूस हात दांडीकडे सरकवून खालून भर देतो. यंत्रास त्याचा पत्ता नसतो. पन्नास शंभर वर्षें हातोहात आलेली ही विद्या अशा रीतीनें कोणाच्या ध्यानांत न येतां बंद पडूं शकते, कारण ती बंद पडल्याचा आवाजही होत नाहीं.

निराश होण्याचें मात्र कारण नाहीं. १९९६ सालीं मुंबईंत जन्मलेल्या मोहिनी डे ह्यांनीं आपल्या बेसवादक वडिलांपाशीं लहानपणींच धडे घेतले, आणि आज त्यांचीं बोटें ऐकावयास जगांतील नामांकित वादक उत्सुक असतात. ही विद्या अजूनही एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते, आणि ती मुलींच्या हातींही तितकीच शोभते, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण कोणतें द्यावें?

महोत्सवाच्या ह्या वर्षीं आमची वाचकांस दोन गोष्टींची विनंति आहे. ज्यांनीं आपल्या गायनवृंदांत, लग्नाच्या बँडांत किंवा स्टुडिओंत खालचा स्वर धरला, अशीं वडील माणसें आपल्या घरोघर असतील. त्यांजपाशीं बसून त्यांचें नांव, त्यांचें वाद्य व त्यांची बोटांची रीत लिहून ठेवावी. आणि ज्यांच्या घरीं एखादी बेस गिटार भिंतीस टेकून धूळ खात असेल, त्यांनीं ती एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं देऊन, शिकविणारा गांठून, आठवड्यास एक तास तरी तीं दोन बोटें चालतीं करावीं. देवळाच्या पायाचे दगड कोणास दिसत नाहींत, तरी त्यांची निगा राखावी लागते. गाण्याच्या पायाचीही तशीच राखली पाहिजे. ती राखण्याची बुद्धि व बळ परमेश्वर आपणां सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून हा लेख येथें पुरा करितों.